थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू होते?



१९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारून विधवांना शिकवायला सुरुवात केली. आज त्याच हिंगण्यात, म्हणजे कर्वेनगरात, मुली नर्सिंग शिकतात. शिकलेल्या बाईच्या शब्दाला वजन असावं, हा या जागेचा आग्रह आहे. आपल्या, म्हणजे परिचारिकांच्या, शब्दाला वजन हवं अशा एका जागेबद्दल मी आज बोलणार आहे.

बायपास झालेल्या दर तीन-चार रुग्णांमागे एकाचे ठोके अनियमित होतात. आपण त्याला एएफ म्हणतो. त्याचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रुग्ण आयसीयूतून वॉर्डात आलेला असतो आणि घरच्यांचा जीव नुकता भांड्यात पडलेला असतो. पण हृदयाला आलेली सूज, भोवती साचलेलं रक्त, शरीरावरचा ताण हे सगळं तेव्हाच भोवतं. एखादा म्हणतो, ‘सिस्टर, छातीत फडफडतंय.’ पुष्कळांना काही कळतही नाही. नुसता दम लागतो, घाम येतो. बहुतेकांचे ठोके पुन्हा ताळ्यावर येतात. पण मधल्या वेळात गुठळी होऊन मेंदूकडे गेली, तर बायपास उत्तम होऊनही माणूस लकवा घेऊन घरी जातो.

एएफ टाळण्याचा भरवशाचा उपाय अगदी स्वस्त आहे: बीटा ब्लॉकर. वर्षानुवर्षं मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची गोळी ऑपरेशनच्या सकाळी चुकते, कारण ‘उपाशी ठेवा’ एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं असतं. घोटभर पाण्याबरोबर गोळी द्यायची का, हे आदल्या रात्रीच डॉक्टरांना विचारायला हवं. ऑपरेशननंतर बीपी खाली म्हणून डोस थांबवतात, ते योग्यच. पण बीपी सावरल्यावर? चार्टच्या चौकोनात ‘होल्ड’ लिहिलेलं असतं. रात्रपाळी तेच उतरवते, सकाळची पाळीही तेच. मग मॉनिटरवर पी लाटा दिसेनाशा होतात, म्हणजे एएफ सुरू झालेलं असतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण हे टळण्यासारखं होतं.

सर्जनही प्रयत्न करत आहेत. न्यूयॉर्कमधल्या ४२० रुग्णांच्या २०२१च्या अभ्यासात हृदयाच्या आवरणाला मागून छेद देऊन साचलेलं रक्त वाहू दिलं, तेव्हा एएफचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १७ वर आलं. जास्त धोक्याच्या रुग्णांना अमिओडॅरोन देतात. तेव्हा नाडी फार मंदावत नाही ना, हे आपणच बघतो. उलट, एएफ टाळण्यासाठी रक्तातलं पोटॅशियम ४.५च्या वर ठेवण्याचा आपला हट्ट सोडायला हवा. ते ३.६च्या खाली गेल्यावरच दिलं तरी एएफ वाढत नाही, असं २०२४मध्ये ब्रिटन-जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पोटॅशियमचं ते बेचव औषध पिताना तोंड वाकडं करणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

या अधिवेशनापुढे माझी मागणी साधी आहे. हँडओव्हरच्या वहीत बायपासच्या प्रत्येक रुग्णापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: बीटा ब्लॉकर शेवटचा कधी दिला, थांबवला तर का, आणि पुन्हा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना कधी विचारायचं. विचारणाऱ्या सिस्टरला ‘तुम्ही कशाला?’ असं कुणी म्हणू नये. डिस्चार्जच्या दिवशी घरच्या एका माणसाला मनगटावरची नाडी पूर्ण मिनिटभर मोजायला आपण शिकवावं, आणि ती वेडीवाकडी लागली तर कुणाला फोन करायचा तो नंबर कार्डावर लिहून द्यावा.