लहान संगत आणि आफ्रिकेचा प्रवास
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात मुदखेड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात वधूवरांचा परिचय, गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार आणि निधीचा जमाखर्च हे विषय दर वर्षी निघतात व ते निघालेच पाहिजेत. त्यांच्या पंक्तीस आफ्रिकेचा विषय कोठून येऊन बसला, असे पुष्कळांना वाटले असेल. काल सायंकाळी मंडपाच्या दाराशीच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला अडवून विचारले, "अहो, सिंह पाहायला एवढा पैसा कशाला घालायलेत? दोन एकरांची पाइपलाइन झाली असती की तेवढ्यात!" प्रश्न रास्त आहे. शिवाय, दर वर्षी दोन तरुण फुलशेतकऱ्यांना अशा प्रवासासाठी समाजनिधीतून बिनव्याजी उचल द्यावी, असा एक ठराव आज दुपारी आपल्यापुढे येणार आहे. निधी आपणां सर्वांचा आहे. तेव्हा उत्तर देणे आमचे कर्तव्यच ठरते.

प्रथम एक कबुली. "आम्ही आफ्रिका पाहिली" असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. आफ्रिका हे खंड असून क्षेत्रफळाने ते आपल्या देशाच्या सुमारे नऊपट आहे. त्यात ५४ देश आहेत. आम्ही त्यांपैकी केवळ केनिया हा एक देश, तोही दहा दिवसांत, जेवढा दिसला तेवढा पाहिला. मुंबईहून विमानाने सुमारे सहा तासांत नैरोबी येते. तेथील घड्याळ आपल्यामागे अडीच तास असते.

आमचा मेळा सहा जणांचा होता. एक फुलशेतकरी दांपत्य, एक तरुण बागाईतदार, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, एक शिक्षिकाबाई आणि आम्ही. यांपैकी तिघे आपल्या समाजाचे आणि तिघे अन्य समाजांचे. ही गोष्ट मुद्दाम सांगतो. पुढे तिचे काम पडणार आहे.

सहाच का, असे कोणी विचारील. आपल्यांत पंढरीची वारी न केलेले घर विरळा. लाखोंची वारी एकत्र चालते असे बाहेरून दिसते. परंतु चालणारा जाणतो की ती दिंड्यादिंड्यांनी चालते. आपल्या विणेकऱ्याच्या मागे कोण होते, कोणाचे पाय सुजले, मुक्कामावर कोण पोचले नाही, हे दिंडीलाच ठाऊक असते. प्रवासाचेही तसेच आहे. चाळीस जणांच्या सहलीत मनुष्य शिट्टीचा ताबेदार होतो. एकट्याच्या प्रवासात तो स्वतःचाच हमाल आणि स्वतःचाच पहारेकरी होतो. सहा-आठ जणांत तो माणूस राहतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता खर्चाचा हिशेब. केनियातील अभयारण्यांतून फिरण्यासाठी उघडणाऱ्या छपराची मजबूत मोटार घ्यावी लागते. तिचे भाडे, इंधन आणि चालकाचा रोज हा खर्च आत दोन माणसे बसली काय आणि सहा बसली काय, जवळजवळ तेवढाच असतो. दोघांनी गेल्यास प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा येतो, सहांनी गेल्यास सहावा हिस्सा. विमानभाडे आणि उद्यानाचे प्रवेशमूल्य मात्र दरडोई असल्याने तेथे बचत नाही. चाळीस जणांच्या सहलीत दर माणशी रक्कम आणखी थोडी उतरते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु अशा एका मोटारीत बहुधा सहा-सातच आसने खिडकीची असतात. मेळा वाढला की मोटारी वाढतात, आणि मोटारींची रांग पाहून जनावर निघून जाते. मसाई मारा अभयारण्यात एका जनावराभोवती पाचांहून अधिक मोटारी उभ्या करू नयेत, असा दंडक आहे. आमची मोटार एकटीच असल्यामुळे सिंहिणीच्या एका कुटुंबापाशी आम्ही बराच वेळ निःशब्द बसू शकलो. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत सेरेंगेटीहून दहा लाखांवर रानगवे गवताच्या शोधात फिरत असतात आणि त्यांचे कळप माऱ्यात उतरतात. ते दृश्य पाहून आमच्या शिक्षिकाबाई एवढेच म्हणाल्या, "ही पण वारीच की!"

नैरोबीत आम्ही रेल्वेचे संग्रहालय पाहिले. आपले मुदखेड जंक्शनचे गाव. हैदराबादहून मनमाडकडे जाणारा निजामाच्या काळातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, तो मीटरगेज होता. तिकडे त्याच काळात, १८९६ साली, मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा लोहमार्ग घातला जाऊ लागला व १९०१ साली तो सरोवराला भिडला. तोही मीटरगेजच. तो घालण्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले होते. त्यांतील बहुसंख्य पंजाबकडील. ताप, अपघात, आणि १८९८ साली त्सावो नदीच्या पुलाच्या कामावर सिंह, अशा नाना कारणांनी सुमारे २,५०० जण तेथेच मरण पावले. आमचे रेल्वेवाले काका एका जुन्या इंजिनाजवळ बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी खाली वाकून दोन रुळांमधील अंतर वितीने मोजले आणि म्हणाले, "आपलंच माप आहे." त्या दिवशी आम्हांला सिंहाची भीती नव्याने कळली. ज्यांच्या हाती परतीचे तिकीट आहे त्यांना सिंह हे कौतुक असते; ज्यांच्या हाती फावडे होते त्यांना ते मरण होते. मोठ्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या संग्रहालयाला अर्धा तासही मिळाला नसता.

भाषेची भीती पुष्कळांना वाटते. तेथे इंग्रजी चालते आणि स्वाहिली बोलली जाते. या स्वाहिलीत अरबीतून आलेले शब्द फार. पुस्तकाला ते 'किताबू' म्हणतात, हिशेबाला 'हेसाबू', मित्राला 'रफिकी', वेळेला 'वकाती', जगाला 'दुनिया', आणि प्रवासाला 'सफारी'. दुकानाला 'दुका', चहाला 'चाय', चपातीला 'चपाती'. ज्या मराठवाड्याने निजामाच्या अमदानीत उर्दू शाळांतून धडे घेतले, त्या मराठवाड्याला हे शब्द परके वाटावयाचे कारण नाही. आमच्या मेळ्यातील शेतकरी भगिनीला इंग्रजीचे अक्षर येत नाही. परंतु चौथ्या दिवशी बाजारात सर्वांत चांगला भाव तिनेच केला. स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतील पहिले आयुक्त म्हणून १९४८ साली नैरोबीस गेले तेही औंध संस्थानचे मराठी गृहस्थ, अप्पासाहेब पंत. वाट नवी नाही. आपण तिच्यावर उशिरा आलो आहोत.

आता एक अडचणीचा प्रसंग सांगतो. माऱ्यात दुसऱ्या दिवशी पहाटे काकांना उलट्या होऊ लागल्या व भोवळ आली. ऊन आणि रस्त्याचे हादरे यांचा तो परिणाम होता. सकाळची फेरी आधीच भरलेल्या पैशांतली. कोणी एक शब्द न बोलता ती सोडून दिली. साखर-मिठाचे पाणी दिले, डॉक्टरांना दाखविले, दुपारपर्यंत ते सावरले. चाळीस जणांच्या सहलीत काकांना तंबूत एकटे ठेवून मोटारी निघून गेल्या असत्या आणि त्यात कोणाचा दोषही म्हणता आला नसता, कारण एकासाठी एकोणचाळीस कसे थांबणार?

त्या थांबण्याचे फळ आम्हांला अनपेक्षित मिळाले. आमचा चालक झाडाखाली आमच्याजवळ येऊन बसला. त्याच्या आईची डोंगराळ भागात चहाची लहानशी बाग आहे. ती पाने खुडून जवळच्या केंद्रावर नेते, तेथे वजन होते, दरमहा काही रक्कम मिळते आणि वर्षअखेर कारखान्याच्या नफ्यातील हिस्सा मिळतो. कारण कारखान्याचे भागधारक हे बागवालेच. १९६४ साली लहान चहाउत्पादकांसाठी उभारलेल्या संस्थेतून ही व्यवस्था वाढली आणि आज लाखो लहान कुटुंबे तिच्यात आहेत. नफ्यात कोण हात मारतो याविषयी भांडणे तेथेही होतात, हेही तो हसत हसत बोलला. साखर कारखान्यांचे राजकारण पाहिलेल्या आम्हांला दुभाष्याची गरज पडली नाही.

आता आपल्या धंद्याचे सांगतो. नैवाशा सरोवर नैरोबीच्या वायव्येस सुमारे ९० किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर दिवस बारा तासांचा, आणि उंचीमुळे रात्री थंड. म्हणून तेथील गुलाबाचा दांडा लांब आणि कळी भरदार होते. फूल कळी असतानाच कापतात, तत्काळ पाण्याच्या बादलीत ठेवतात, शीतगृहात नेतात, दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करतात, आणि विमानाने हॉलंडला पाठवितात. तेथील लिलावात भाव वरून खाली उतरत जातो. जो व्यापारी आधी थांबवील त्याचा माल.

आपली फुलशेती निराळी. आपण गलांडा, काकडा, मोगरा, शेवंती आणि गुलाब हारासाठी सुटा विकतो. पहाटे तोडतो, नांदेड-हैदराबादच्या बाजारात धाडतो, आणि दसरा-दिवाळी सरली की पडलेल्या भावाने पुष्कळदा तोडणीची मजुरीही निघत नाही. नैवाशाची नक्कल मुदखेडात होणार नाही. आपल्याला ती उंची नाही व ती थंडीही नाही. परंतु आमच्या तरुण बागाईतदाराने तेथे एक गोष्ट टिपली. तोडल्यापासून सावलीत जाईपर्यंत फुलाला किती वेळ लागतो, हे ते लोक घड्याळ लावून पाहतात. परत आल्यावर त्याने बांधावर गवताचे छप्पर उभारले, ओले गोणपाट टांगले आणि गुलाबाची तीन प्रतींत निवड सुरू केली. खर्च नाममात्र. बाजारात त्याच्या टोपल्या आता आधी उचलल्या जातात.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. नैवाशाच्या काठी फुलबागा वाढल्या, तसा सरोवराच्या पाण्याचा उपसा आणि खतांचा निचरा यांवरून वाद वाढले. फुलांच्या पेटीतून पाणीच परदेशी जाते, असे तेथील टीकाकार म्हणतात. विष्णुपुरीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या भागाने हे वाक्य गाठीशी बांधावे. सहा जण असल्यामुळे बागेच्या व्यवस्थापकाने आम्हांला प्रतवारीच्या टेबलापर्यंत नेले आणि अडचणीच्या प्रश्नांचीही उत्तरे दिली. जमावाला कोणी माजघरात नेत नाही, ओसरीवरूनच बोळवण करतात.

लहान मेळ्याचे दोषही सांगितले पाहिजेत. सहांत एक जण कटकट्या निघाला, तर तो सर्वांचा प्रवास नासवितो; चाळिसांत तो पचून जातो. ऐन वेळी एकाने अंग काढले, तर त्याचा भार पाचांवर पडतो. यासाठी निघण्यापूर्वी पैशांचा करार कागदावर करावा, आणि एक रात्र कोठेतरी, माहूरला म्हणा, एकत्र मुक्काम करून पाहावा. स्वभाव तेथेच कळतात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावरच घ्यावी. तिच्या दाखल्याविना परतताना अडकून पडण्याची वेळ येते. साठीच्या पुढील मंडळींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हिवतापाच्या गोळ्यांविषयीही विचारावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना केनियात २०१७ पासून बंदी आहे. लाडू-चिवडा कापडी पिशवीत न्यावा.

शेवटी ठरावाविषयी. काही बंधूंची सूचना आहे की, निधी आपला, तेव्हा मेळाही आपल्याच समाजाचा असावा. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु मत निराळे देतो. काकांच्या उशाशी त्या सकाळी बसलेल्या शिक्षिकाबाई त्यांच्या जातीच्या नव्हत्या. रुळांचे माप ओळखणारे काका आपल्या समाजाचे नव्हते, आणि ते नसते तर आम्ही इंजिन पाहून पुढे गेलो असतो. ज्या जोतीराव फुल्यांच्या घराण्याला फुलांच्या धंद्यावरून आडनाव मिळाले आणि ज्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, त्यांची तसबीर या मंडपात वर लावून खाली असा नियम करणे आपल्याला शोभणार नाही. उचल आपल्या तरुणांना द्या; संगत मात्र मोकळी ठेवा. परत आल्यावर त्यांनी पुढील मेळाव्यात उभे राहून पै-पैचा हिशेब आणि शिकलेली एक गोष्ट सांगावी, एवढी अट घाला.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आमचे उत्तर असे : काका, पाइपलाइन आधी घाला. ती सोडून सिंह पाहावयास जा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. परंतु पाइपलाइन झाल्यावर तिच्यातील पाणी कोणत्या फुलाला, किती आणि कोणाच्या भल्यासाठी द्यावे, हे समजण्यासाठी आपल्या पोरांपैकी दोघांना चार परक्या माणसांबरोबर दूर पाठवा. ती परत येतील तेव्हा त्यांच्या बोटांना आपल्याच मातीचा वास असेल. नजर मात्र थोडी लांबची झालेली असेल.