ऋतूआधीचे मत्स्यबीज

मृगाच्या सरी माथेरानच्या डोंगरावर कोसळून गाढी नदीला गढूळ पाणी आले, की नेरे आणि आसपासच्या गावांत वलगणीची वार्ता पसरते. गाबोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओहोळांतून भातखाचरांकडे चढू लागतात, आणि त्यांच्या वाटेवर माणसे जाळी घेऊन उभी राहतात. प्रजननाचा हा ऋतू माणसाला तळ्यात निर्माण करता येतो काय, याविषयी आज थोडे निवेदन करावयाचे आहे.

रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे आपल्या तळ्यांत उत्तम वाढतात, मादीच्या पोटी अंडीही परिपक्व होतात. परंतु पुराच्या वाहत्या पाण्याचा स्पर्श नसल्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आवश्यक तो स्राव सोडीत नाही, आणि अंडी पोटातच जिरून जातात. म्हणूनच पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात नको त्या जातींची भेसळ होई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडविले; तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

मात्र ही टोचणी पिकलेली अंडी मोकळी करते, कच्ची अंडी पिकवीत नाही; तेव्हा ऋतूबाहेर बीज हवे असेल, तर कित्येक महिने आधीपासून जनक माशांना सकस आहार देऊन, पाण्याची ऊब आणि प्रकाशाचा अवधी यांचे नियमन करून, त्यांच्या देहाला ऋतूचा प्रत्यय द्यावा लागतो. कॅस्पियन समुद्रातील स्टर्जन माशाच्या संवर्धनातही हेच तत्त्व आहे: त्याला थंड पाण्यात ठेवून हिवाळा लांबविता येतो, आणि मग पाणी क्रमाक्रमाने उबदार करून, संप्रेरक टोचून, इच्छित समयी अंडी मिळविता येतात.

आपल्या तालुक्यातील लहान तळी उन्हाळ्यात आटतात. पाऊस सुरू झाल्यावर जन्मलेले जिरे, म्हणजे माशांची इवलीशी पिल्ले, वाढून त्यांची बोटाएवढी बोटुकली होईपर्यंत पाण्याचे मोलाचे दिवस निघून जातात. तीच बोटुकली पहिल्या पावसालाच तयार असेल, तर माशाला वाढीसाठी पाण्याचा संपूर्ण हंगाम लाभेल. अर्थात मोजक्याच जनक माशांपासून पिढ्यानपिढ्या बीज घेतल्यास संतती दुर्बळ होते, याची दक्षता बीज केंद्रांनी घेतलीच पाहिजे.

परंतु या विद्येचा सर्वांत मोठा उपकार मला निराळाच वाटतो. नेऱ्याच्या ओहोळांतून चढणाऱ्या रानमाशांसाठी कोणतेही केंद्र पीयूषिकेची टोचणी घेऊन बसलेले नाही. त्यांचा वंश त्या चार दिवसांच्या वाटचालीवरच अवलंबून आहे. तळी जर आपली गरज भागवू लागली, तर गाबोळीच्या माशाला अंडी घालीपर्यंत वाट मोकळी ठेवणे आपल्याला परवडणारे आहे. आणि जे परवडते, ते कर्तव्य टाळण्याची सबब मग आपल्यापाशी उरत नाही. येत्या वलगणीला गावोगावच्या ग्रामसभांनी एवढा एक ठराव करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.