अहवाल येईपर्यंत



बायोप्सीचा अहवाल लांबला की घरातील माणसे मनोमन अशुभ गृहीत धरतात. वस्तुतः गाठीचा काढलेला तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये ठेवावा लागतो. मग मेणात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घ्यावे लागतात. ते रंगवल्यावरच सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसतात. हा वेळ प्रक्रियेचा असतो. त्यात अशुभाचा संकेत शोधू नये. म्हणून अहवालाचा दिवस आधीच विचारून घ्यावा, सोबत कोण जाणार हेही ठरवावे. तोवर घरातील नित्यक्रम मोडू देऊ नये. आणि रुग्णाला ‘काही निघणार नाही’ असे वचन देऊ नये. ते आपल्या हाती नाही. ‘जे असेल ते आपण मिळून ऐकू’, एवढे वचन मात्र प्रत्येक कुटुंबाला देता येते, पाळताही येते.