दिल्ली दरवाज्याचा जुना फोटो

(मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण, थोडे संपादित करून)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि बाहेर बटाटेवडे तळले जात आहेत. तेव्हा लांबण लावत नाही. आज एकाच फोटोबद्दल बोलणार आहे.

पडद्यावर दिसतोय तो पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. फोटो साधारण १८६० च्या सुमाराचा. दोन बाजूंना भक्कम बुरूज, मधे कमान, वर नगारखाना. आज समोर थोरल्या बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आहे, तो अर्थातच यात नाही. पुढे मोकळं मैदान. मंडईची इमारत १८८६ मध्ये उभी राहिली, त्याआधी पुण्याचा भाजीबाजार याच दरवाज्यासमोर भरायचा. म्हणजे पेशव्यांच्या दारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस! पुणेकरांनी ती मनापासून केली असणार.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. दोन्ही दिवस शनिवार. खर्च आला १६,११० रुपये. उत्तरेकडे, दिल्लीच्या दिशेला तोंड, म्हणून दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून एकेका फळीवर फूटभर लांबीचे बहात्तर अणकुचीदार खिळे. आत शिरलात तरी वाट सरळ नाही, लगेच वळण. शत्रूला धावत येता येऊ नये हा हेतू.

आता या फोटोतली खरी गोष्ट सांगतो. लहानपणी मी हा फोटो एका पुस्तकात पाहिला होता, आणि माझी समजूत अशी की या दरवाज्यामागे त्या वेळी अख्खा वाडा उभा असणार. कारंजी, दिवाणखाने, सगळं. पुढे तारखा जुळवल्या तेव्हा लक्षात आलं. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे आपले नामांकित फोटोग्राफर. पण कॅमेरा पुण्यापर्यंत पोचायच्या आतच आतला वाडा जळून गेला होता. त्याचा एकही फोटो नाही, असणं शक्यच नाही. आपण बघतोय ते फक्त दार. आत जोती आणि राख.

असंच एक दार आपल्या घराजवळ आहे. फोर्ट कॅनिंगवर आपण मुलांना घेऊन जातो, तिथली ती पांढरी कमान. १८६७ पर्यंत सिंगापूरचा कारभार हिंदुस्थानातून चालायचा, आणि किल्ल्याला नाव दिलं ते आपल्याकडच्याच गव्हर्नर जनरल कॅनिंगचं. म्हणजे पुण्यात हा फोटो निघाला त्याच सुमारास इथे तो किल्ला बांधून होत होता. त्याच टेकडीवरून १८४४ मध्ये ज्यूल इतिए या फ्रेंच माणसाने सिंगापूर नदीचा फोटो काढला होता, इथल्या सर्वांत जुन्या फोटोंपैकी एक. पुढे किल्ला पाडला. दरवाजा तेवढा राहिला.

दार टिकतं, मंडळी. ते जाड असतं, दगडाचं असतं, आणि सगळ्यांना दिसतं. आत जे असतं ते सांभाळायला रोज कोणीतरी लागतं.

हे सगळं आज का सांगतोय? आजचा निधी ज्या मुलींच्या वसतिगृहासाठी आहे, तिथे मी मागच्या सुट्टीत जाऊन आलो. प्रवेशद्वाराची कमान सुरेख आहे. देणगीदाराचं नाव संगमरवरात कोरलेलं आहे. मी तिथल्या बाईंना विचारलं, "कशाची गरज आहे?" त्या म्हणाल्या, "दादा, कमान द्यायला लोक मिळतात हो. तांदूळ, तेल, विजेचं बिल याला कोणी मिळत नाही. त्याच्यावर पाटी लावता येत नाही ना!"

त्या हसल्या, मीही हसलो. पण मला लगेच हा फोटो आठवला.

म्हणून विनंती एवढीच. आज पाकिटात जे टाकाल ते कमानीसाठी नाही. ते रोजच्या दोन वेळच्या जेवणासाठी आहे, वह्यांसाठी आहे, रात्री अभ्यासाला लागणाऱ्या दिव्यासाठी आहे. त्याच्यावर तुमचं नाव कुठेही कोरलं जाणार नाही, आणि उद्या कोणी फोटो काढला तर त्यात तुम्ही दिसणार नाही. पण दाराच्या आत घर नांदतं राहील.

चला, वडे गार होतायत.