जोधपुरच्या खडकांतील पायवाट

मरुभूमि म्हटली कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडे उभे राहतात. जोधपुरांत पाय मोकळे करावयास निघालेल्या प्रवाशास मात्र पहिल्याच सकाळीं वेगळें दृश्य दिसतें. त्याच्या पायांखालीं वाळू नसून खडक असतो. राव जोधानें १४५९ सालीं ज्या टेकडीवर मेहरानगढाचा पाया घातला, तिचा खडक सुमारें ७५ कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखींतून घडलेला आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्या मानानें अगदीं बालवयाचा!

गडाच्या पायथ्याशीं सुमारें ७० हेक्टरांचें एक खडकाळ रान आहे. राव जोधा मरुशिला उद्यान हें त्याचें नांव. शहराच्या जुन्या तटांतील सिंघोरिया पोल या वेशीपासून वाट निघते आणि हत्ती नहर नांवाच्या चरांत उतरते. पावसाचें पाणी गडाखालच्या तलावांकडे नेण्यासाठीं हा चर खडक फोडून काढलेला आहे. ज्या गांवीं वर्षाकाठीं १४ इंचांच्या आसपास पाऊस, तेथें पाण्यासाठीं माणसानें काय काय केलें, हें या चरांतून चालतांना ग्रंथ न वाचतां कळतें.

परंतु वीस वर्षांपूर्वीं या रानांत हिंडणें कठीण होतें. १९३० नंतरच्या दशकांत जोधपुरच्या महाराजांनीं ओसाड भूमि हिरवी व्हावी म्हणून परदेशी बाभळीचें बीं विमानांतून उधळलें. हेतु चांगला होता, आणि त्या झाडानें गरिबांच्या चुलींस सरपण पुरविलें हेंहि खोटें नाहीं. पण मेक्सिकोकडील हें झाड असें कांहीं फोफावलें कीं मारवाडी लोक त्याला ‘बावळिया’ म्हणूं लागले. महाराष्ट्रांत हीच ‘वेडी बाभूळ’! दोन प्रांतांनीं एकाच झाडास एकाच अर्थाचें नांव द्यावें, यांतच त्याचें चरित्र आलें. तोडावें तितकें तें पुन्हा फुटतें, आणि त्याच्या दाटींत देशी झुडपें तग धरीत नाहींत.

२००६ सालीं निसर्गाभ्यासक श्री. प्रदीप क्रिशन यांच्या देखरेखीखालीं तें उपटण्याचें काम सुरू झालें. मुळें खडकाच्या भेगांत रुतलेलीं; तीं हातभर खोल खणून काढल्यावांचून उपाय नव्हता. शेवटीं हें साधलें तें खंडवालियांना. हे जोधपुरचे पिढीजाद खाणकामगार. दगडावर हातोडीनें टकटक करावी आणि आवाजावरून आंतली भेग ओळखावी, ही त्यांची विद्या कोणत्याहि शाळेंत शिकवीत नाहींत. त्यांनीं छिन्नीनें एकेक मूळ काढलें, आणि त्याच खळग्यांत मरुभूमींतील खडकाळ जागीं वाढणारीं झाडें लावलीं गेलीं. २०११ सालीं उद्यान लोकांस खुलें झालें.

आज तेथें थोर दिसतो. तो महाराष्ट्रांतील त्रिधारी निवडुंगाचा भाऊबंद. पाऊस पडतांच पानें धरतो आणि ओल सरतांच टाकून देतो. त्याच्या चिकास मात्र हात लावूं नये. कुमट आहे, आणि केर आहे. यालाच मराठींत नेपती म्हणतात. मारवाडी घरांतील पंचकुट्याच्या भाजींत या दोहोंचाहि वांटा असतो, त्यामुळें चालून भूक लागलेल्यास तीं ओळखणें सोपें जावें!

श्रावण-भाद्रपदांत हें रान हिरवें असतें. चालावयास मात्र हिवाळा बरा, आणि तोहि सकाळचा प्रहर. पाण्याची बाटली व जाड तळाचे जोडे विसरूं नयेत. ज्यांस सपाट वाटा हव्यात त्यांनीं मंडोरच्या बागेंतील छत्र्या पाहाव्या. तेथील वानरांपासून फराळ तेवढा सांभाळावा. पश्चिमेस कायलाना तलाव आहे, तो मावळतीच्या वेळीं.

उद्यानांतून परततांना जसवंत थड्याच्या बाजूचा देवकुंड लागतो. तेथें थांबून वर पाहिलें म्हणजे गडाचा कडा कोठें संपला आणि तट कोठें सुरू झाला, हें चटकन ओळखूं येत नाहीं.