शर्यतीचं हेल्मेट घेताना

हौशी मोटारशर्यतीत पहिल्यांदा उतरणारे बरेच जण घरातलं दुचाकीचं हेल्मेट उचलून निघतात. त्यावर आयएसआयचा शिक्का असतो, पण ती चाचणी दुचाकीस्वारासाठी. मोटारीत डोकं रोलकेजच्या, म्हणजे आतल्या संरक्षक सांगाड्याच्या, लोखंडी नळीवर पुन्हापुन्हा आपटू शकतं, शिवाय आगीची भीती. म्हणून अमेरिकेतल्या स्नेल फाउंडेशनचं मोटारशर्यतीसाठी ‘एसए’ हे वेगळं मानक आहे. त्यात हेल्मेट ज्वाळेवर धरून तपासतात; मोटरसायकलच्या ‘एम’ मानकात ही चाचणी नाही. पीट स्नेल हा चालक १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. त्याच्या मित्रांनी पुढच्याच वर्षी ही संस्था उभी केली.

मापात तडजोड अजिबात नको. भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा. हेल्मेट घालून पट्टा आवळा आणि ते डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची, गालांची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. मग मागची कड धरून पुढे ढकला. डोक्यावरून निसटलं, तर ते हेल्मेट तुमच्यासाठी नाही. दुकानात पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं, तर दुसरा आकार बघा.

वापरलेलं हेल्मेट कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. आतला थर्माकोलसारखा थर एकाच धडकेत दबतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आणि पैसे मोजण्याआधी कोणतं मानक चालतं हे बघायला आयोजकांची नियमावली जरूर वाचा.