तीन शिट्ट्या आणि एक तंबोरा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कोजागरीला, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, गच्चीवर केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. म्हणजे माझी वेळ गॅसच्या शेगडीवर अवलंबून आहे. आपल्याच कात्रज डेअरीचं दूध आहे, घट्ट आहे, तेव्हा फार वेळ मिळणार नाही हे मी धरून चाललो आहे.

जुलै महिन्यात कमिटीने माझ्याकडे एक काम दिलं. गेल्या कोजागरीपासून या कोजागरीपर्यंत आपल्या प्रत्येक घराच्या लक्षात राहिलेला एक पदार्थ आणि एक गाणं लिहून घ्यायचं. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला काम दिलं की तो आधी वही आणतो. मीही आणली. रेघा मारल्या, फ्लॅट नंबर, पदार्थ, गाणं, शेरा असे रकाने केले. छत्तीस घरांपैकी तेवीस घरांनी लिहून दिलं, सात जणांनी तोंडी सांगितलं, आणि सहा घरं आजही ‘उद्या देतो काका’ म्हणत आहेत. थकबाकीदार सगळीकडे असतात, त्याचं मला नवल नाही.

सगळ्या नोंदी वाचत नाही, वही ऑफिसात ठेवली आहे. पण काही सांगितल्याच पाहिजेत.

जानेवारी तुम्हाला आठवत असेल. सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण निघाले, पाण्याचा संशय आला, आणि आपण सगळे पाणी उकळायला लागलो. बाहेरचं खाणं बंद, चिकन बंद, पनीरसुद्धा संशयित. कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला संध्याकाळी एकटा उभा असायचा, बघवत नव्हतं. त्या दिवसांत ए विंगच्या चार घरांनी मिळून याच गच्चीवर पाणीपुरी केली. पाणी वीस मिनिटं उकळून गार केलेलं, पुदिना तीनदा धुतलेला. चारही घरांनी वहीत तीच पाणीपुरी लिहिली आहे. त्यातल्या एका ताईंनी खाली लिहिलंय, ‘चव ठीकच होती, पण भीती गेली.’

त्याच जानेवारीत आपल्या तरुण मंडळींवर दुसरंच संकट होतं. कोल्डप्ले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले, आणि आपल्या सोसायटीतल्या एकाही पोराला तिकीट मिळालं नाही. शेवटी २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम सगळ्यांनी सी विंगमध्ये टीव्हीवर पाहिला. सोबत काय, तर आजींनी केलेलं थालीपीठ आणि लोणी. आजींचा शेरा असा आहे : ‘गाणं कळलं नाही. मुलं रडत होती, मग मलाही रडू आलं.’

आपले रात्रपाळीचे वॉचमनमामा लातूरकडचे. ३० डिसेंबरला वेळ अमावस्या होती. पुण्यात जन्मलेल्यांना हा सण ठाऊक नसतो. तिकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप करून पूजा करतात आणि रानातच पंगत बसते. मामा दुसऱ्या दिवशी रात्री ड्यूटीवर आले ते डबा घेऊन. हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या, हाताला लागेल ते घालून बेसन लावून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि एका बाटलीत ज्वारीचं आंबील, ताकातलं, लसणाचा वास असलेलं. मी गेटवरच उभ्याने प्यायलो. मामांच्या नावापुढे गाण्याचा रकाना रिकामा होता. विचारलं तर म्हणाले, “साहेब, रात्री गाणं लावलं तर गेटचा आवाज कळत नाही.”

जूनमध्ये दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना बी विंगने भाकऱ्या आणि पिठलं नाना पेठेत नेलं होतं, त्याची नोंद सात हातांनी केली आहे, आणि सातही जणांनी भाकऱ्यांचा आकडा वेगळा दिला आहे. हिशेब जुळत नाही, मी तो सोडून दिला. आमरसाच्या नोंदी नऊ आहेत. यंदा २६ मेलाच मान्सून पुण्यात आला, तेव्हा बहुतेकांच्या आमरसात पाऊस आहे.

आता माझ्या घराची नोंद. ती मी सगळ्यात शेवटी केली, आणि तीन वेळा खोडली.

एक कबुली द्यायची आहे. गेली चार वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं, आणि मी ते कोणालाही कळू दिलं नाही. जिन्यात तुम्ही नमस्कार केला आणि मी तसाच पुढे गेलो, त्याला शिष्टपणा समजू नका. गेल्या तीन वार्षिक सर्वसाधारण सभांत मी मोठ्याने ‘अनुमोदन’ म्हणालो, ते काय ठरलं हे न ऐकताच म्हणालो. त्यात पार्किंगचा ठराव होता हे मला नंतर कळलं. ज्यांची गैरसोय झाली त्यांची क्षमा मागतो.

म्हातारपणी कान जातात ते आधी बारीक, उंच आवाजांचे जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. ‘सात’ आणि ‘आठ’ यांत फरक राहत नाही. सौभाग्यवती होती तोवर निभावलं. ती माझे कान होती म्हणा ना. बेल वाजली की तीच उठायची, फोन तीच घ्यायची, आणि कुकरच्या शिट्ट्या तीच मोजायची. २०२२ साली ती गेली. त्यानंतर स्वयंपाक मी शिकलो, वरणभात, पिठलं, दोन-तीन भाज्या. पण शिट्टी हा उंच आवाज. ती मला ऐकूच येत नव्हती. मी घड्याळ लावून कुकर बंद करायचो.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी कुकर लावून गॅलरीत पेपर वाचत बसलो आणि घड्याळ बघायचं विसरलो. समोरच्या दारातल्या वहिनींना जळका वास आला. त्यांनी बेल वाजवली, दार वाजवलं, फोन केला. मी गॅलरीत शांतपणे अग्रलेख वाचतोय. त्यांच्याकडे आमची जादा किल्ली असते, ती लावून त्या आत आल्या तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता, पाणी संपलेलं, व्हॉल्व्ह उडालेला, वरण छताला. मला कळलं ते वहिनींचा चेहरा बघून.

त्या रविवारी मुलगा बंगळूरहून आला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, “बाबा, आता पुरे. माझ्याकडे चला, फ्लॅट विकून टाकू.” मंगळवारी एजंट येऊन फ्लॅट बघूनही गेला. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा रस्त्याला दिवे नव्हते, स्वारगेटहून शेवटची बस चुकली की रिक्षावाला ‘कात्रज? परत रिकामं यावं लागेल’ म्हणायचा. टँकरच्या मागे आपण बादल्या घेऊन पळालो आहोत. ते सगळं करून मिळवलेलं घर एका कुकरपायी जाणार, अशी वेळ आली होती. आणि मुलाचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नव्हतं.

आमचं आणि वहिनींचं स्वयंपाकघर एकाच डक्टवर उघडतं. वहिनींची मुलगी सातवीत. ती मुलासमोरच मला म्हणाली, “आजोबा, तुमच्या शिट्ट्या आमच्याकडे ऐकू येतात. तीन झाल्या की मी मिस्ड कॉल देते. तुम्ही फोन खिशात ठेवा, व्हायब्रेटवर.” मुलगा हसला. पण त्याने जायचं तिकीट एक आठवडा पुढे ढकललं आणि रोज बघितलं. खिशात फोन थरथरला की मी उठायचो आणि गॅस बंद करायचो. एकदाही चूक नाही. फक्त एक झालं, ती शाळेतून आल्याशिवाय मला कुकर लावता येईना. माझ्या जेवणाची वेळ सातवीच्या वेळापत्रकावर ठरू लागली. सहामाही परीक्षेत मी चार दिवस पोह्यांवर काढले.

मुलगा जाताना दोन अटी घालून गेला. एक, कानाचं मशीन. दोन, खोटं बोलायचं नाही. मशीन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. घरी येऊन मी आमटीला फोडणी घातली, आणि मोहरी तडतडली. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला! गॅस बंद करून पुन्हा एकदा नुसतीच फोडणी केली. वहीत पदार्थाच्या रकान्यात मी ‘फोडणी’ लिहिलं आहे. सेक्रेटरी म्हणाले, हा पदार्थ नाही. असू दे.

गाण्याचं मात्र सोपं नव्हतं. मी सवाई गंधर्व महोत्सवाला १९७४ पासून जातो. रमणबागेत आम्ही दोघं सतरंजीवर बसायचो. हिच्या पिशवीत दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. भीमसेनजींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव, रात्रभर चालायचा तेव्हा पहाटे तिथून चालत घरी गेलो आहोत. आता तो मुकुंदनगरला होतो, कात्रजहून उलट जवळच पडतं. २०२४ ला १५ डिसेंबरला झाकीरभाई अमेरिकेत गेले आणि तीनच दिवसांनी सवाई सुरू झालं. मांडवात सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. मी नवं मशीन लावून मोठ्या उमेदीने बसलो. गवयाने आलाप सुरू केला, आणि माझा तंबोरा नाहीसा झाला. समोर दोन तंबोरे वाजताना दिसतात, पण ऐकू येत नाहीत. षड्ज लांबला की तोही मध्येच चिरकतो, बुडतो. टाळ्या म्हणजे पत्र्यावर गारा.

मी मशीनं काढून खिशात टाकली. मग काय उरलं? गाणं लांब गेलं, पण तबल्याच्या डग्ग्याचा घुमार तेवढा आला. खालचे आवाज शेवटपर्यंत राहतात. तासभर मी फक्त डग्गा ऐकला आणि त्यात झाकीरभाईंना आठवलं. दशमी आणली होती, ती खाल्ली. मध्यंतरात उठून घरी आलो. सवाई अर्धवट सोडून येण्याची माझी पहिलीच वेळ.

जानेवारीत मशीनवाल्या ताईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे यंत्र बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं आहे. एकसारखा चाललेला आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं समजून ते तो दाबतं. लांबलेला सूर आला की आपलीच शिट्टी वाजतेय समजून तो कापतं. म्हणजे तंबोरा आणि पंखा यांतला फरक त्याला कळत नाही! असे श्रोते मी माणसांतही पाहिले आहेत, पण ते असो. त्यांनी दाबणं-कापणं बंद करून गाण्यासाठी वेगळी सोय करून दिली. मागचं बटण दाबलं की ती सुरू होते. ज्यांना गाण्याची आवड आहे आणि मशीन लावून गाणं नकोसं झालंय, त्यांनी हे मुद्दाम मागून घ्या. आपणहून फारसं कोणी सांगत नाही. माझ्या अंदाजाने या गच्चीवर असे आणखी चौघं आहेत. नावं घेत नाही.

६ एप्रिलला रामनवमी. गीतरामायणाचं पहिलं गीत पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ला लागलं, त्याला सत्तर वर्षं झाली म्हणून आपल्या भगिनी मंडळाने छप्पनपैकी अकरा गीतं बसवली होती. मी पाच वर्षांचा होतो तेव्हा सदाशिव पेठेत वाड्याच्या मालकांकडे रेडिओ होता, आई मला मांडीवर घेऊन त्यांच्या ओसरीत बसायची. गदिमा कोण, बाबूजी कोण, मला काही माहीत नव्हतं. आईने हात जोडले की मी जोडायचो.

आपल्या खालच्या हॉलमध्ये मी मागे भिंतीला टेकून बसलो. बटण दाबलं. कोणाच्या तरी मोबाईलवर तंबोरा लावलेला होता, यंत्राचाच, त्यात जवारी कसली आलीय. पण तो मला ऐकू आला. आणि एकदा आला तो शेवटपर्यंत गेला नाही. भगिनींपैकी दोघी मध्यमाला जरा उतरत होत्या, तेही ऐकू आलं. त्यांनी राग मानू नये, मला तर त्याचाच आनंद झाला. सुंठवडा कोणी हातावर ठेवला, तो तसाच मुठीत राहिला, घरी गेल्यावर खाल्ला. गाण्याच्या रकान्यात मी ती संध्याकाळ लिहिली आहे.

फ्लॅट विकायचं तूर्त थांबलं आहे. तूर्तच म्हणतो, कारण मुलगा हे भाषण अंकात वाचणार आहे.

शिट्ट्या आता मला ऐकू येतात. मी त्या मुलीला सांगितलं, आता मिस्ड कॉलची गरज नाही. ती म्हणाली, “आजोबा, मला सवय झालीय, मोजल्या जातात.” तेव्हा ते चालूच आहे. आज तिच्या आईने तिला ओवाळलं, थोरली ना ती, कोजागरीचा मान तिचा. आणि कमिटीने माझ्या भाषणाची वेळ मोजण्याचं कामही तिलाच दिलंय असं दिसतं, कारण खिशात फोन थरथरतोय. हा तिसरा. दूध झालं.